सागवानालाही वार्निश का हवं : एका प्रतिक्रियेला उत्तर

फिशटँकच्या लाकडी हूडवरच्या, म्हणजे टाकीवरच्या झाकणावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप असे : सागवान वापरलं तर वर काही लावायची गरज नाही, तुमचा कोरा हूड अजून ठणठणीत आहे, आणि पॉलियुरेथेन (वार्निशचाच एक प्रकार) म्हणजे माशांच्या डोक्यावर विष.

सागवान सहजी कुजत नाही, हे मान्य. पण कुजणं वेगळं, फुगणं वेगळं. टाकीतलं पाणी २५-२६ अंशांवर असतं आणि त्याची वाफ रात्रंदिवस फळीच्या आतल्या अंगाला लागते. बाहेरचं अंग खोलीतल्या कोरड्या हवेत. एकच अंग फुगलं की फळी बाक घेते. सागवान इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतं, पण हलतंच. म्हणून आतून-बाहेरून वार्निशचे सारखेच हात द्यायचे. दिसणारी बाजू चकचकीत आणि आतली कोरी, हे तर सगळ्यात वाईट.

खरं सांगायचं तर लाकडाच्या जातीवर आपण नको इतका खल करतो. हूड खराब व्हायला सुरुवात होते ती कापलेल्या टोकांपासून आणि भोकांपासून. तिथे लाकडाच्या बारीक नळ्या उघड्या पडतात आणि सपाट अंगापेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतात. दिव्याची वायर जाते ते भोक नीट बघा. फळी स्वच्छ असते आणि भोकाभोवती मात्र काळं कडं धरलेलं असतं, कारण ते भोक वार्निशनंतर पाडलेलं असतं. सगळी भोकं, बिजागरीच्या खाचा आधी, वार्निश नंतर. टोकांना पहिला हात पातळ करून द्या, तो लाकूड पिऊन टाकतं. मग पिणं थांबेपर्यंत देत राहा. मरीन प्लायच्या (ओलाव्यासाठी बनवलेल्या प्लायवूडच्या) कडांनाही हेच. त्याचा गोंद पाण्याने सुटत नाही, पण लाकूड पाणी पितंच. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डाच्या, वाटेला जाऊच नका.

सागवानाचं तेल वार्निशला धरू देत नाही, हीसुद्धा अडचण असते. ॲसिटोनने पुसा आणि लगेच पहिला हात द्या.

आता विषाचं. तुमची काळजी रास्त आहे. पण धोका असतो तो न मुरलेल्या वार्निशचा. हाताला ते काही तासांत कोरडं लागतं, पूर्ण पक्कं व्हायला मात्र आठवडे जातात, आणि तोवर द्रावकाची वाफ सुटत राहते. फायटर, गुरामी हे मासे तर पाण्यावर येऊन थेट हवा घेतात. झाकणाखाली जे साठेल ते त्यांच्या अंगात जाणार. त्यामुळे महिनाभर हूड मोकळ्या हवेत ठेवा, आणि नाक आत घालून वास येत असेल तर अजून थांबा. वार्निशऐवजी इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा लेप) वापरत असाल तर दोन्ही भाग मोजूनच घ्या. प्रमाण चुकलं तर ते चिकटच राहतं. मला खरी भीती वाटते ती वाळवी लागू नये म्हणून तांब्याची रसायनं मुरवलेल्या लाकडाची. आतून निथळणारं पाणी परत टाकीतच पडतं, आणि तांबं कोळंबी-गोगलगायींना फार थोडंही सोसत नाही.

तुमचा हूड एकदा उतरवून टोकं आणि वायरचं भोक तपासा. लाकूड कुठे काळं पडलं असेल तर सँडपेपरने घासा, सावलीत पूर्ण सुकू द्या आणि मगच वार्निश लावा. ओल आत कोंडली तर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून येईल.