गुरुवारी येणारा दादा

डिसेंबरात सात वर्षांच्या भाचीसोबत नागपुरात दवाखान्यात नऊ रात्री काढल्या. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात अन् हाडं ठणकायला लागतात. थंडीत तर जास्तच.

वॉर्डात गडचिरोली, गोंदियाची पोरं होती, बालाघाट-छिंदवाड्याचीही होती. बाप मजुरी बुडवून किती दिवस थांबणार? आई रिपोर्ट आणायला खाली गेली की लेकरू दाराकडे बघत राहतं.

तिथे दर गुरुवारी संध्याकाळी एक कॉलेजचा पोरगा यायचा. लहानपणी तोही सिकलसेलनं असाच कितीदा भरती झालेला. त्या दिवशी भाचीची शीर सापडत नव्हती, दोनदा टोचून झालं होतं. मी आपला "काही नाही होत बेटा" म्हणत होतो अन् ती जास्तच रडत होती. तो सिस्टरला विचारून जवळ आला. "दुखते ना? मलेही लय दुखे," म्हणाला अन् खिशातून साबणाच्या फुग्यांची बाटली काढली. "हळू फुंक. घाई केली का फुटते." तिनं लांब श्वास सोडला. फुगा तरंगत सिस्टरच्या हातमोज्यावर टेकला अन् फुटला. तोवर सलाईन लागलंही होतं.

पुढच्या गुरुवारी ती दुपारपासूनच वेणी घालून बसली होती.

तरुण मित्रांनो, म्हणूनच कळकळीनं सांगतो. वाढदिवसाला बिस्किटांचे पुडे अन् बॅनर घेऊन एकदाच येऊ नका. असाच एक ग्रुप आला होता. कॅन्सरच्या केमोनं केस गेलेल्या एका मुलीनं मोबाईल दिसताच चादर डोक्यावरून ओढली. फोटो निघून गेले तरी तिनं चादर काढली नाही. मला ते अजून विसरता येत नाही.

एकच वार ठरवा अन् तो पाळा. परीक्षा असेल तर आधीच्या आठवड्यात पोरांना सांगून ठेवा, कारण ती खरंच वाट बघतात. सिस्टरची परवानगी घ्या, हात साबणानं धुवा. केमोवरच्या लेकरांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, तुमची साधी सर्दी त्यांना भारी पडते. खाऊ विचारल्याशिवाय देऊ नका. गोष्टी येत नसतील तरी चालेल, नुसतं शेजारी बसून चित्र रंगवा. अठरा पूर्ण असतील तर रक्तदानही करा. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असलेल्या पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं.

भाची आता घरी आहे. या गुरुवारी मी आमच्या कॉलनीतल्या दोन पोरांना घेऊन चाललोय. तिसऱ्याला सर्दी झालीय, तो पुढच्या गुरुवारी येईल.