कुत्र्याचे तिकीट

गेल्या रविवारी बर्लिनच्या लोकलमध्ये मला ६० युरोंचा दंड झाला आणि समोरच्या बाकाखाली बसलेल्या कुत्र्याला झाला नाही. दंडाचे दुःख एव्हाना बरेचसे ओसरले आहे. कुत्र्याचे अजून सलते.

सासूबाईंना आणायला मी एस९ गाडीने विमानतळावर निघालो होतो. खिशात चार फेऱ्यांच्या तिकिटांतले उरलेले एक तिकीट होते आणि फलाटावरच्या यंत्रात घालून मी त्यावर रीतसर शिक्काही उमटवून घेतला होता. फक्त ते 'एबी' विभागाचे होते. वर्तुळाकार लोकलमार्गाच्या आतला भाग तो ए, तिथून शहराच्या हद्दीपर्यंत बी, आणि हद्दीबाहेर सी. बर्लिन ब्रांडेनबुर्ग विमानतळ सी विभागात येतो, कारण तो मुळात बर्लिनमध्ये नाहीच, शेजारच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात आहे. नावातला हा उत्तरार्ध मी आजवर केवळ शोभेचा समजत होतो.

ग्र्यूनबेर्गआले हे बी विभागातले शेवटचे स्थानक मागे पडले आणि इतका वेळ पाव खात बसलेल्या साध्या कपड्यांतल्या एका तरुणाने हात झटकून 'फारशाइने, बिट्टे', म्हणजे 'तिकिटे दाखवा', असे पुकारले. मी ऐटीत तिकीट पुढे केले. त्याने ते पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कोणत्याही भावनेशिवाय सांगितले, "हे इथे चालत नाही."

येथवर प्रकरण आम्हा दोघांतच होते. परंतु समोर साधारण पंचाहत्तरीच्या, टोकदार टोपी घातलेल्या एक आजीबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी लांबुडक्या अंगाचा, आखूड पायांचा, ऑटो नावाचा कुत्रा होता. बर्लिनकरांच्या फटकळपणाला 'बर्लिनर श्नाउत्से' म्हणतात आणि श्नाउत्से हा शब्द खरे तर जनावराच्या तोंडाला वापरतात. त्या डब्यात अशी दोन तोंडे होती, पैकी एकच बोलत होते. आजीबाईंनी पर्स उघडली, तिच्यातून एक छोटे प्लास्टिकचे पाकीट काढले आणि त्यातून एकामागोमाग एक अशी दोन तिकिटे काढून तपासनिसाच्या हातावर ठेवली.

"हे माझे," त्या म्हणाल्या, "आणि हे ऑटोचे. एबीसी."

मी नकळत म्हणालो, "कुत्र्याला तिकीट लागते?"

"म्हणजे काय! सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागते तेच, सवलतीचे. पिशवीत मावला असता तर फुकट आला असता, पण ऑटोला पिशवी आवडत नाही." मग माझ्या तिकिटाकडे नजर टाकून त्यांनी अत्यंत मायेने विचारले, "तुम्ही इथे नवीन का?"

मी इथे सहा वर्षे राहतो, कर भरतो आणि कचरा चार रंगांच्या डब्यांत वेगवेगळा टाकतो. तरीही मी "हो" म्हणालो, कारण नवखेपणा ही त्या क्षणी माझी एकमेव इज्जत होती. तपासनिसाने तेवढ्यात ऑटोचे तिकीट उलटसुलट करून पाहिले, "सगळे बरोबर आहे" असे म्हटले आणि खाली वाकून त्याचे कान खाजवले. माझ्या वाट्याला पावती आली. मी त्याला विचारले की, हद्द ओलांडण्यापूर्वी उतरून पुढचे जोडतिकीट काढायला कोणी सांगितले असते, तर चालले नसते का? तो उत्तर देण्याआधीच आजीबाई म्हणाल्या, "फलक आहेत की! ऑटोला वाचता येत नाही, म्हणून मी वाचते."

आता विनोद बाजूला ठेवून सांगतो. इथे स्थानकांवर तिकीट पाहून आत सोडणारी फाटके नाहीत, याचे आम्ही परदेशी लोक कौतुक करत असतो: काय तो विश्वास, काय ते सुसंस्कृत शहर! परंतु फाटक माणसाला चूक करण्यापूर्वी अडवते; विश्वास चूक पूर्ण होईपर्यंत थांबतो आणि मग पावती फाडतो. एबी आणि एबीसी तिकिटांच्या किमतीत जेमतेम एका युरोचा फरक असेल. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेला देशभरचा मासिक पास मी घेतला नाही, कारण मी सायकलने कामावर जातो आणि पैसे वाचवतो. वाचवत होतो.

या विमानतळाखालचे स्थानक विमानतळापेक्षा कितीतरी आधी बांधून तयार होते. विमानतळाचे उद्घाटन लांबत लांबत ३१ ऑक्टोबर २०२० वर गेले, तोवर बोगद्यात हवा खेळती राहावी म्हणून तिथे रिकाम्या गाड्या सोडत असत. त्या सगळ्या काळात त्या मार्गावर एकही विनातिकीट प्रवासी सापडला नसणार. किती आदर्श वाहतूक होती ती!

उतरताना आजीबाईंनी हात हलवला. ऑटोने हलवण्याजोगे काही हलवले नाही. त्याचा प्रवास कायदेशीर होता, त्याला माझ्याशी संबंध ठेवण्याची गरज नव्हती.

परतताना मी सासूबाईंसाठी आणि माझ्यासाठी एबीसीची तिकिटे काढली, शिक्के उमटवले, दोनदा तपासले आणि हातात धरून बसलो. प्रत्येक स्थानकावर दार उघडले की मी तिकिटे पुढे करण्याच्या तयारीत सरसावून बसत होतो. घर येईपर्यंत कोणीही फिरकले नाही. सासूबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "काय हो, इथे तिकीट बघायला कुणी येतच नाही का? मग काढायचे तरी कशाला?"