पॅड बसणं वेगळं, पेडल बसणं वेगळं

साताऱ्यातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. नवे पॅड टाकल्यावर ब्रेक मऊ लागला तर घाबरू नका, पॅड बसायला हजार किलोमीटर लागतात. लवकर बसवायचे तर यवतेश्वरचा घाट दोनदा उतरा. ब्रेक ऑइल कमी दिसलं तर घरात असेल ते टाका. गाडी एका बाजूला ओढली तर चाकांचं अलाइनमेंट करा. यातलं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणून बाकीचं खपतं.

खरं एवढंच की पॅड बसायला वेळ लागतो. पॅड आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क एकमेकांना पुरते टेकेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीनशे किलोमीटर, पकड कमी असते आणि जोर जास्त लावावा लागतो. पेडल जरासं लवचिक लागेलही, पण ते खाली जाणार नाही. खाली जात असेल तर पॅडवर ढकलून मोकळं होता येत नाही.

नवा पॅड बसवताना कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन मागे दाबलेला असतो, त्यामुळे पहिले काही दाब रिकामेच जातात. म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल पंप करायचं. त्यानंतर ते कडक राहिलं तर ठीक. पंप केल्यावर वर येतं आणि थोड्या वेळानं पुन्हा स्पंजासारखं होतं? ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरलं की सावकाश खाली सरकतं? कुठे गळती दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडलच्या जोरानं ऑइल ढकलणाऱ्या भागाची, रबरं गेलीत. जुन्या गाडीत हे बरेचदा हवा काढतानाच होतं: पेडल पार तळाला दाबलं की रबर एरवी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासतं आणि फाटतं. मागच्या ड्रमचे शू बदलले असतील तर हँडब्रेक ओढून पेडल दाबून पाहा. ते वर आलं तर मागचं अ‍ॅडजस्टमेंट सैल आहे.

माझ्या मेहुण्याच्या गाडीची एका गॅरेजमध्ये तीनदा हवा काढली, तरी पेडल मऊच. ‘बसेल हो’ हेच उत्तर. चाक काढलं तर हवा काढायचे कॅलिपरचे निपल खालच्या बाजूला! साफसफाई करताना डावा-उजवा कॅलिपर एकमेकांच्या जागी बसला होता. हवा वर अडकलेली, निपल तळाशी, मग निघणार कशी? अदलाबदल करून एकदाच हवा काढली, पेडल दगडासारखं.

घाटाचा सल्ला तर उफराटा आहे. नवे पॅड सतत तापले की वर काचेसारखा थर धरतो. बसवायचेच तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत वेग मध्यम दाबानं आणायचा, मध्ये गार होऊ द्यायचं, असं आठ-दहा वेळा. घाटातून कासला जायला दुसरा दिवस धरा.

त्यात ऑइल जुनं असेल तर आणखी पंचाईत. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 या दर्जाच्या ब्रेक ऑइलची उकळण्याची किमान हद्द नवं असताना 205 अंश सेल्सिअस, पण 3.7 टक्के पाणी मुरलं की 140. घाटात ते उकळलं की वाफ होते आणि पेडल पोकळ. ‘घरात असेल ते’ म्हणजे बहुधा इंजिन ऑइल. त्यानं ब्रेकची रबरं फुगतात आणि सगळी किटं बदलावी लागतात. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या. डॉट 5 आणि डॉट 5.1 भाऊभाऊ वाटतात, पण डॉट 5 सिलिकॉनचं आहे, ते बाकीच्यांत मिसळत नाही.

राहिलं अलाइनमेंट. गाडी फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर आधी ब्रेकच तपासा. पोवई नाक्यापासून दोन-चार किलोमीटर फिरून थांबा आणि रिमजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एक चाक दुसऱ्याहून भलतंच तापलं असेल तर तिथला कॅलिपरचा पिन किंवा पिस्टन अडकलाय. गार चाकाकडेही बघा, तिथला ब्रेक कदाचित लागतच नसेल.