साक्षीदार क्रमांक दोन

लंडनच्या भाच्याने घर घेतलं आणि फोनवर सहज सांगून टाकलं, की तिकडे पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्यूटीच नाही. आम्ही नुकतंच भांडुपला ९० लाखांच्या वन बीएचकेचं टोकन देऊन बसलो होतो. मीही जन्मात पहिल्यांदाच घर घेत होतो, आणि ज्या वयात घेत होतो ते पाहता दुसऱ्यांदा घेण्याची भीतीही नव्हती. तेव्हा सरकार आपलंही काहीतरी कौतुक करील, असं वाटलं.

एजंट हसला. "काका, मुंबईत पहिलं काय नि पाचवं काय, ६ टक्के."

५ टक्के ड्यूटी, वर १ टक्का मेट्रोचा. झाले ५ लाख ४० हजार. शिवाय नोंदणी फी ३० हजार. एल. बी. एस. रोडवर मेट्रोच्या पत्र्यांआडून रिक्षा निघायची वाट बघण्यात वर्षं गेली. त्या खांबांत आता थोडं सिमेंट आपलंही. बरं, घासाघीस करून किंमत उतरवली तरी सरकारला फरक नाही. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली किंमत, यांत जी जास्त तिच्यावर ड्यूटी. 'यांत जी कमी' असं कुठल्या सरकारी कागदावर वाचल्याचं मला आठवत नाही.

सवलती नव्हत्याच असं नाही. येऊन गेल्या होत्या. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईची ड्यूटी २ टक्क्यांवर आली होती. तेव्हा माझा पगार निम्म्यावर आला होता. आयकरात पहिल्या घरासाठी ८०ईईए नावाचं कलम होतं, व्याजावर दीड लाखाची जादा वजावट. पण कर्ज मंजूर ३१ मार्च २०२२ पर्यंत हवं आणि घर ४५ लाखांच्या आतलं. तेवढ्यात आमचा हॉल आला असता; स्वयंपाकघरासाठी दुसरं कलम शोधावं लागलं असतं. भरलेली ड्यूटी ८०सीमध्ये दाखवता येत होती, तीही जुन्या करप्रणालीत, आणि तिथल्या दीड लाखात पीएफ आणि एलआयसी आधीच मांडी घालून बसलेले.

उरली एकच. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट. "फक्त," एजंट पुन्हा म्हणाला. नवराबायकोची जोडनावं चालत नाहीत. प्रश्न ९० हजारांचा होता.

"माझी काही हरकत नाही," बायको म्हणाली. इतक्या तत्परतेने तिने लग्नालाही होकार दिला नव्हता.

बँक मात्र मला विसरली नाही. सहकर्जदार म्हणून पानोपानी सह्या घेतल्या. सीए म्हणाला, मालकी नाही म्हणजे हप्त्याची वजावट तुम्हाला नाही. हप्ता आहे.

नोंदणीच्या दिवशी विकणारे आजोबा आमच्याही आधी हजर. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवलेले; अंगठ्यावर एक रेष शिल्लक नाही. मशीन दर वेळी लाल दिवा दाखवी. रुमालाने पुसून झालं, फुंकर घालून झाली. "आजोबा, अंगठा जरा केसांतून फिरवा," ऑपरेटर म्हणाला आणि मग त्याने वर पाहिलं. आजोबांना तुळतुळीत टक्कल. मागे रांगेतल्या कुणीतरी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. अशा ठिकाणी ती जवळ बाळगणारा माणूस नक्कीच दुसऱ्यांदा आलेला असणार.

एवढ्यात कळलं, आमचा दुसरा साक्षीदार कुर्ल्याला लोकलमध्ये अडकलाय.

"हे कोण?" ऑपरेटरने माझ्याकडे बोट केलं.

"मिस्टर," बायको म्हणाली.

"दस्तात नाव नाही ना? मग यांनाच घ्या."

अशा रीतीने, आपल्याच घराच्या खरेदीत मी साक्षीदार क्रमांक दोन झालो. फोटो काढला, अंगठा दिला, आणि या बाईंना मी व्यक्तिशः ओळखतो असं सरकारदरबारी लिहून दिलं. वीस-बावीस वर्षांच्या संसारानंतर इतकं ठामपणे सांगायला मी एरवी धजावलो नसतो.

इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात आला तेव्हा बायकोने नाव नीट छापलंय का ते तपासलं. माहेरच्या ग्रुपवर फोटो गेला.

पुढे सोसायटीची वार्षिक सभा आली. नोटीस अर्थातच तिच्या नावाने. तिला ऑफिसातून यायला उशीर, म्हणून मीच गेलो आणि पार्किंगच्या विषयावर तावातावाने बोलायला उभा राहिलो. सेक्रेटरींनी रजिस्टर वरपासून खालपर्यंत चाळलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"आपण कोण?"

"सहकर्जदार," मी म्हणालो.