'रेकॉर्डवरचा' माणूस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गुन्हेगार कसा घडतो या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गरिबी पुढे करून मी चोरांना पाठीशी घालते. गरीब तर लाखो आहेत, सगळे कुठे चोऱ्या करतात? पोलिसांचं रेकॉर्ड उघडलं की त्याच त्या जमातींची नावं निघतात. आणि तीन महिन्यांपूर्वी तुमच्याच घरी घरफोडी झाली, आईचे दागिने गेले. त्या आईला मी कोणतं समाजशास्त्र ऐकवणार?

गरिबीबद्दल तुमचं बरोबर आहे. 'गरिबीतून गुन्हा जन्मतो' हे वाक्य मी घाईत लिहिलं, ते मागे घेते. हाच आक्षेप एडविन सदरलँड या अमेरिकन अभ्यासकाने १९३९ साली घेतला होता. गरिबी हे कारण असेल तर सुटाबुटातल्या माणसांचे गुन्हे कुठून येतात, असं त्याने विचारलं. पुढे त्याने ७० बड्या कंपन्यांची दप्तरं तपासली. त्यांच्याविरुद्ध गेलेले ९८० निर्णय सापडले, एकही कंपनी कोरी निघाली नाही. त्यांपैकी फौजदारी न्यायालयांचे निर्णय फक्त १५८. बाकीचे गैरप्रकार पोलिसांच्या दप्तरात कधी आलेच नाहीत. १९४९ साली पुस्तक निघालं तेही कंपन्यांची नावं गाळून.

म्हणून 'रेकॉर्ड उघडा' म्हणता तिथे मी थांबते. रेकॉर्डमध्ये काय उतरतं, हे कोणी कुठे शोधलं यावरही ठरतं.

मी बारा वर्षांची असताना मामाच्या शेडमधून ज्वारीची पोती गेली. चिखलात पावलं उमटलेली होती. ती बघायच्या आधीच कोणीतरी म्हणालं, 'पालांवर जाऊन या.' गावाबाहेर पारध्यांची चार पालं होती. तिथून एकाला आणून लिंबाखाली बसवलं. पटका सुटलेला, तो गुडघ्यावर धरून बसला होता. दोन दिवसांनी सोडला. पोती मिळाली नाहीत, आणि पावलं तोवर बैलांनी तुडवली होती. पण संशयितांच्या वहीत त्याचं नाव राहिलं. पुढच्या चोरीला कोणाकडे जायचं हा प्रश्नच गावाला पडला नाही. हॉवर्ड बेकरसारखे समाजशास्त्रज्ञ माणसावर 'गुन्हेगार' असा शिक्का बसण्याबद्दल लिहितात तेव्हा मला तो पटका आठवतो.

ही वही गावाने शोधलेली नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. नोंद झालेल्याला हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. ओलांडली तर शिक्षा. आता बघा, हजेरी चुकवणं हाच गुन्हा. बाजाराला गेलेला, सोयरिकीला गेलेला माणूस परतला की गुन्हेगार, आणि रेकॉर्ड एका ओळीने वाढलेलं. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वस्ती होती. 'सेटलमेंट' हा शब्द तिथे अजून पत्त्यात लिहितात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमातींना 'विमुक्त' म्हणू लागले. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशय कायम राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमांबद्दल सांगावं लागलं, की विमुक्त जमातींचा माणूस म्हणजे सराईत गुन्हेगार असं धरून चालणार नाही.

म्हणजे त्या जमातींतला कोणीच चोरी करत नाही, असं मी म्हणत नाही. ज्याने केली त्याला शिक्षा व्हावी. पण चुकीच्या माणसाला लिंबाखाली बसवलं, की खरा चोर तेवढा वेळ मोकळा राहतो, आणि तुमच्या आईचे दागिने त्याच्याकडेच राहतात.

आईंना मी समाजशास्त्र ऐकवणार नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळाली का ते बघा. तो फिर्यादीचा हक्क आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं असतं. तुमचे तीन महिने झाले आहेत. ठाण्यात जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि घराच्या मागच्या दाराचा, कडीकोयंड्याचा पंचनामा नीट झाला का, बोटांचे ठसे घेतले का, हे त्या अर्जातच विचारा.