टाइप थिअरीत करिअर करू इच्छिणाऱ्या सांगलीकरांस

आधी घरी सांगायची तयारी करा. टाइप थिअरी ज्यात मोडते ती 'प्रोग्रामिंग लँग्वेज थिअरी' म्हटलं की विश्रामबागेतल्या काकू म्हणणार, "म्हणजे जावाच ना? आमच्या पिंट्यानं तीन महिन्यांत क्लास केला." वाद घालू नका. "तसंच काहीसं, मला फक्त सहा वर्षं लागतील," म्हणा आणि भडंगाची वाटी पुढं सरकवा.

मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले मामा मात्र सहज सोडणार नाहीत. आकड्यात मजकूर मिसळू नये म्हणून प्रत्येक माहितीचा टाइप, म्हणजे प्रकार, प्रोग्राम चालण्याआधीच तपासायचा, असं तुम्ही समजावलंत की ते म्हणतील, "आमचं दिवाणजी कधी क्विंटलात रुपये मिळवत न्हाईत. त्यास्नी कुणी पीएचडी दिली व्हय?" खचू नका. दिवाणजींच्या पद्धतीला सिद्धता नाही, हे ठासून सांगा. चाळीस वर्षांत हिशेब चुकला नाही, हा नुसता अनुभव झाला, आणि अनुभव रिसर्च पेपरात छापत नाहीत.

मग स्वतःची भाषा काढा, पण ती चुकूनही कुणाला वापरू देऊ नका. वापरणारे आले की फाइल कशी वाचायची, तारीख कशी छापायची, असले बाजारू प्रश्न सुरू होतात. आदर्श समोर आहेच: तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांची लॅम्डा कॅल्क्युलस ही इवलीशी गणिती भाषा. तिच्यात चल, फंक्शन आणि फंक्शन लावणं, एवढाच संसार. 1940 साली त्यांनी तिला टाइप जोडले, आणि त्या रूपात लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम कधी ना कधी संपतोच. प्रबंधाबद्दल अशी हमी कुणी दिलेली नाही.

पेपरात आडव्या रेघा भरपूर हव्यात: वर गृहीतकं, खाली निष्कर्ष, मधे गामा आणि टाऊ ही ग्रीक अक्षरं. आणि संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर यांचं 1978 मधलं प्रमेय पाठ करा: टाइप जुळलेला प्रोग्राम चुकत नाही. चुकणं म्हणजे काय, हे अर्थात आपणच ठरवायचं. कारकुनाचा पगार दोनदा जमा झाला, पण दोन्ही वेळा आकडाच जमा झाला ना? मग प्रमेय शाबूत आहे.

बाकी धीर धरा. जेनेरिक्समागची, म्हणजे एकच कोड अनेक टाइपांना चालवायची, कल्पना तर्कशास्त्रज्ञ जिरार यांनी 1972 मध्ये आणि संगणकशास्त्रज्ञ रेनॉल्ड्स यांनी 1974 मध्ये स्वतंत्रपणे मांडली. जावात ती 2004 ला पोचली, 'गो' या भाषेत 2022 ला. पोचली म्हणून पेढे वाटू नका, तिच्यातलं भोक, म्हणजे चुकीचा टाइपही तपासणीतून निसटेल अशी जागा, शोधा. 2016 मध्ये दोन संशोधकांनी जावाच्या टाइप सिस्टिममधलं, म्हणजे टाइप तपासायच्या नियमांमधलं, असं भोक दाखवलंही. जावावाले त्या दिवशीही वेळेवर घरी गेले असावेत.

टाइपस्क्रिप्टचा, म्हणजे टाइप जोडलेल्या जावास्क्रिप्टचा, विषय निघाला तर नाक मुरडायला विसरू नका. टाइप सिस्टिम निर्दोष सिद्ध करणं हे आपलं ध्येयच नाही, असं तिच्या कर्त्यांनी चक्क लिहून ठेवलंय, आणि तरी वेबवाले तिच्यावर फिदा. मात्र परिषदेतच मुरडा. पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला गेलात की तोंडभरून स्तुती करा, कारण नोकरी लागली तर रोज तीच लिहायची आहे.