भाडं मालकाचं, जागरण आमचं

आज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या इमारतीला नवा बोर्ड लागला. हॉटेलचं नाव नवं, गच्चीवरचे स्पीकर तेच. जुन्या हॉटेलविरुद्ध गल्लीने दिलेल्या अर्जांचं काय, असं चौकीत विचारलं तर म्हणे, "तो हॉटेलचालक सोडून गेला मॅडम. आता नव्याने अर्ज द्या."

डोकं फिरलंय माझं. चालक गेला, पण जागेचा मालक तोच आहे ना? मग आमच्या तक्रारी पुसल्या कशा जातात?

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. रात्री साडेबारापर्यंत खिडकीच्या काचा थरथरायच्या. 112 ला फोन केला की पोलिसांची गाडी यायची, आवाज कमी व्हायचा, गाडी वळली की पुन्हा सुरू. शेवटी आईनेच कुठूनतरी मालकाचा नंबर मिळवला आणि अंथरुणातून फोन लावला. तो अगदी शांतपणे म्हणाला, "काकू, मी जागा भाड्याने दिलीय. तुम्ही त्यांच्याशी बोला." तो स्वतः राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला. झोप लागत असणार.

भाड्याने दिली म्हणजे जबाबदारी संपली? भाडेकरार नोंदवला नाही तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 55 खाली मालकालाच धरतात, कैदेचीसुद्धा तरतूद आहे. आवारात डासांच्या अळ्या सापडल्या की महापालिकेची नोटीस मालकाला किंवा सोसायटीला येते. मग रात्री दहानंतर गच्चीवर स्पीकर वाजतो तेव्हाच मालक कुणाला कसा दिसत नाही? निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, 2000 सालापासून नियम आहे. आणि सार्वजनिक उपद्रवाचा दंड? 1860 च्या भारतीय दंड संहितेत 200 रुपयांपर्यंत होता, जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत 1000 रुपयांपर्यंत. हॉटेलवाला तो एका टेबलाच्या बिलातून भरतो!

तक्रार जागेच्या नावावर नोंदली गेली पाहिजे. मिळकतकराच्या खात्याला जोडा. बोर्ड कितीही बदलू दे, त्याच गच्चीबद्दल पुन्हा पुन्हा तक्रार आली तर दंड मालकाला, आणि तो वाढत जाणारा. मग बघा, करार करतानाच तो "दहानंतर स्पीकर बंद" ही अट घालतो की नाही. आईला "त्यांच्याशी बोला" म्हणणारा माणूस स्वतः जाऊन बोलेल.

हो, काही मालक खरंच हतबल असतात, भाडेकरू ऐकत नाही आणि कोर्टात वर्षं जातात. मान्य. आणि याचा बागुलबुवा करून विद्यार्थ्यांना खोल्या नाकारणारेही निघतील, तसं होता कामा नये. मी बोलतेय ते धंद्याला दिलेल्या जागांबद्दल.

त्या हॉटेलातल्या पोरांवर माझा राग नाही. एक वेटर तर आईला बघून स्वतःहून आवाज कमी करायला आत पळाला होता. दोन मिनिटांत मॅनेजरने पुन्हा वाढवला. त्या पोराला आमची दया आली. जागेच्या मालकाला "आता बरं आहे का काकू" एवढंही विचारावंसं वाटलं नाही. हे लिहितानाही अंगाचा तिळपापड होतोय.

सोमवारी वॉर्ड ऑफिसला आणि चौकीत अर्ज देतेय. यावेळी हॉटेलच्या नावाआधी मालकाचं नाव आणि मिळकत क्रमांक लिहिणार आहे. गल्लीतल्या ज्यांना सही करायचीय त्यांनी रविवारी संध्याकाळी घरी या. जुन्या अर्जांच्या पोच असतील तर घेऊन या, सगळ्या एकत्र जोडायच्या आहेत.